सशाची शेपटी सुटते कशी

दुकानात शिरावं, काय हवं ते सांगावं, वस्तू घ्यावी आणि वाटेला लागावं. एवढी साधी रीत त्या बालवाडीच्या मास्तराला कुणी शिकवली नव्हती. भुरभुर पावसात आला, गळती छत्री थेट लोकरीच्या टोपलीला टेकवली, आणि खिशातून पांढऱ्या लोकरीचा एक पिंजारलेला पुंजका काढून माझ्या नाकासमोर धरला. चेहरा असा, की घरातलं कुणी गेलंय.

"काय हे?" मी विचारलं.

"शेपटी."

"कुणाची?"

"सशाची… म्हणजे आमच्या बालवाडीतल्या एका सशाची. मुलांचं नाटुकलं बसवतोय. शेपट्या तुमच्याकडूनच नेल्या होत्या. ही तालमीत सुटली. ससा सकाळपासून भोंगा लावून बसलाय, मावशी."

"आधी ती छत्री उचला. आणि मी तुमची मावशी नाही."

त्याने छत्री उचलली, आणि दुसऱ्या टोपलीला टेकवली.

आता आमच्या घरचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पुढे दुकान, मागे कामाची खोली, मधे एक पडदा, आणि वर आम्ही राहतो. टोप्या, मफलर, तान्ह्या पोरांचे मोजे, सगळं करतो. पण आमचं नाव आहे ते गोंड्यांचं. टोपीच्या शेंड्यावर बसतो ना, तो गुबगुबीत लोकरीचा गोंडा. लोकांना वाटतं, त्यात काय? दोन खुंट्यांवर लोकर गुंडाळायची, मधोमध बांधायची, दोन्हीकडचे वेढे कातरायचे, की झाला गोंडा. होतो ना! आणि आठ दिवसांत टकलाही होतो. सगळी करामत त्याच्या कंबरेत असते. वेढे दाट हवेत, दोन बोटं आत शिरता कामा नयेत. आणि कंबर आवळायची ती मेण लावलेल्या सुती दोऱ्याने, श्वास रोखून. मग किटलीच्या वाफेवर धरला की असा फुलतो, की कुणालाही गालाला लावून बघावासा वाटतो. तयार गोंड्याचे फक्त दोन धागे चिमटीत धरून मी त्याला लोंबकळवते. पडला तर तो नापास, आणि करणारीला दिवसभर माझं तोंड.

म्हणून तो पुंजका बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पडदा सारून मी विचारलं, "हे कुणाच्या हातचं?"

थोरली सून मान वर न करता म्हणाली, "माझ्या."

"कशाने बांधलंस?"

"लोकरीनेच… मेणाचा दोरा पिवळट दिसतो ना आई. पांढऱ्यात पांढरी लोकर कशी अगदी मॅच होत होती."

"अगं, लोकर ओढली की ताणते आणि ताणली की ढिली पडते! कंबर काय रंग बघून आवळतात?"

थोरली फणकाऱ्याने चहा ठेवायला वर निघून गेली. तिचं ते नेहमीचंच.

"द्या इकडे मास्तर, मी करून देते," धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे माझी लेक. ध्यानीमनी नसताना झालेली, सगळ्यांत शेवटची. अभ्यासात जेमतेम, तोंडाने थेट माझ्यावर गेलेली, पण बोटं! तिची गाठ मिऱ्याएवढी बारीक आणि कुणाच्या बापाला न सुटणारी. माझ्यानंतर ही खोली तीच चालवणार, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं की मुलं शेफारतात.

तर कंबर आवळायला आमच्याकडे दोघी लागतात. एकीने दोरा ओढायचा, दुसरीने पहिल्या गाठीवर बोट दाबून धरायचं, आणि दुसरी गाठ बसता बसता ते झटकन काढून घ्यायचं. थोरली वर. मी गिऱ्हाइकात.

"मास्तर, आत या आणि जरा बोट द्या," धाकटी म्हणाली.

"कुठलं?"

"जे रिकामं असेल ते."

त्याने बोट पुढे केलं. तिने दोरा फिरवला. पडद्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. तो गोंड्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत होता, ते एक वेळ समजू शकते. पण ती? जी डोळे मिटून गाठ मारते, तिने नेमकी तेव्हाच मान वर करावी? आणि केली तर केली, लगेच खाली घालू नये?

"काढा आता," ती म्हणाली… जरा उशिराच म्हणाली.

"निघत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे… बांधलंत तुम्ही मला."

मी पडदा सारून बघितलं. मास्तर बोटावर पांढराशुभ्र गोंडा मिरवत उभा, आणि धाकटी कानांपर्यंत लाल.

"दुखतंय का हो?"

"दुखतंय. पण चालेल."

"चालेल काय? बोट काळं पडेल!"

"पडू दे. घाई नाही काही."

शेवटी मीच कात्री घेऊन आत गेले. या खोलीत आजवर कुणी माणूस बांधून ठेवला नव्हता.

त्यानंतर मास्तराच्या खेपा सुरू झाल्या. दर दोन-तीन दिवसांनी हजर. हातात कागदाची पिशवी, पिशवीत सुटलेल्या शेपटीचा पुंजका. आता शेपट्या धाकटी करत होती, मेणाच्या दोऱ्याने. तरी सुटत होत्या.

"आज कुठल्या सशाने ओढली?" धाकटी विचारायची.

"मोठ्या सशाने."

"फारच द्वाड दिसतोय."

"द्वाड आणि हट्टी. किती समजावलं, ऐकत नाही."

"मग शिक्षा करा की त्याला."

"करतोय ना. ओल्या रस्त्याने चालायला लावतोय."

आणि दोघं हसायची. शेपटी करायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट लागायचा. तो वेढे मोजायचा आणि मुद्दाम चुकायचा, ती त्याला चूक दाखवून द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायची… मला काय, ऐकू येत नव्हतं? पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

"दोरा कुठाय याचा?" एकदा मी त्याला विचारलं. पुंजका असायचा, कंबरेचा दोरा कधीच नसायचा.

"पडला असेल कुठेतरी…" म्हणाला, आणि पंख्याकडे बघायला लागला.

थोरली रात्री भांडी लावताना म्हणाली, "आई, मास्तर नुसता गोंडा न्यायला येत नाहीत हां. गोंडा घोळायला येतात. बाकी कुणाचा माल परत येत नाही, यांचाच कसा येतो?"

"बाकीचे गोंडे टोपीवर बसतात. यांच्या गोंड्यांना पोरं लोंबकळतात," मी म्हटलं आणि तिला गप्प केलं.

गप्प केलं, कारण माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. माझी सख्खी बहीण याच खोलीत बसून गाठी मारायची. एके वर्षी तिच्या गाठी सुटायला लागल्या. बांधताना पक्क्या वाटायच्या, दोन दिवसांनी उघडायच्या. शेवटच्या हिसक्याला बोटांत जोर उरत नव्हता. पुढे ब्लाउजची बटणं लागेनात. मग हातातला कप सुटला. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं, पण बोटं काही परत आणून दिली नाहीत. आणि धाकटीचे हात लहानपणी बघून सगळे काय म्हणायचे? पोरगी मावशीची बोटं घेऊन आलीये.

भीती वाटली की काही बायका रडतात. माझं तोंड सुटतं. "लक्ष कुठाय तुझं?", "हात आहेत की केळी?", असं काय वाट्टेल ते बोलत होते मी तिला. आणि ती, जी एरवी माझ्या एका शब्दाला चार परत देते, ती ऐकून घेत होती.

एका सकाळी स्वयंपाकघरात शिरले, तर धाकटी पाण्याने भरलेली किटली एका हाताने उचलून, हात लांब करून उभी. किटली थरथरते का ते बघत होती. मला बघून खाली ठेवली.

"काय गं?"

"काही नाही. जड झालीये किटली."

किटली तीच होती, गेली कित्येक वर्षं.  दोघींनाही कळलं, की दोघींच्या मनात एकच नाव आहे.

त्या दिवशी मी तिला गाठींवरून काढलं. "आजपासून कंबर थोरली आवळेल. तू पुढे दुकानात बस. आणि सोमवारी आपण डॉक्टरांकडे जायचंय." भांडली असती तर बरं वाटलं असतं. मुकाट्याने उठली, अंगावरची लोकर झटकली आणि पुढे जाऊन पिशव्यांच्या घड्या घालत बसली.

आणि दुपारी हे महाशय हजर. पिशवी हातात, हसू ओठावर.

"तुम्ही पुढे कशा आज?"

"बढती झाली."

"मग गाठी?"

"त्या आता वहिनी मारते. माझ्या सुटतात ना… तुम्हीच तर आणून देता." ती हसत बोलायला गेली आणि आवाज मधेच फाटला. "माझ्या मावशीचं असंच झालं होतं, मास्तर. आधी गाठी गेल्या, मग बोटं गेली. आई डॉक्टरांकडे नेणार आहे सोमवारी."

मास्तराचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

"नाही," म्हणाला. "नाही, नाही… असं नाहीये ते." आणि पाठ फिरवून भर पावसात चालता झाला. पिशवी तिथेच, छत्रीही तिथेच.

"बघितलंस?" मी धाकटीला म्हटलं. "बोटांचं ऐकलं आणि पळ काढला. असली माणसं."

तिने त्याची छत्री उचलली, पुसली, आणि कोपऱ्यात नीट उभी करून ठेवली. ते बघून मला कळलं, पोरगी याच्यात गुंतलीये. बोटांची काळजी होतीच, आता ही आणखी एक.

तास झाला नसेल. दार उघडलं आणि मास्तर आत. नखशिखांत भिजलेला, धापा टाकत, छातीशी पत्र्याचा खडूचा डबा धरलेला. धाकटीकडे बघितलंही नाही. थेट माझ्यासमोर आला, डब्यावरचं प्लास्टिक काढलं आणि डबा दुकानाच्या फळीवर उपडा केला.

आत खडू नव्हते. गाठी होत्या.

पिवळट दोऱ्याच्या, मिऱ्याएवढ्या, एकेक. भिजू नयेत म्हणून डब्याला वरून प्लास्टिक बांधलं होतं. स्वतःला नव्हतं बांधलं.

"या तुमच्या मुलीच्या गाठी," तो म्हणाला. "एकही सुटलेली नाही. बघा तुम्ही. मी कापल्या… गाठीच्या शेजारून. शेपट्या कुणी ओढल्या नाहीत, मीच सोडवल्या. तिच्या बोटांना काही झालेलं नाही. मला काय हवं ते बोला, हाकलून द्या, पण डॉक्टरांकडे नेऊन तिला घाबरवू नका."

मी चष्मा लावला आणि एकेक गाठ खिडकीशी नेऊन पाहिली. दोरा बाजूने साफ कापलेला, कात्रीने. आणि गाठ? नखाने उकलून बघितली. हलेना. सुईचं टोक घातलं. शिरेना. पुढची घेतली. तीही तशीच. शेवटची गाठही पहिलीइतकीच घट्ट.

मी तिथल्याच लोकरीच्या गोणीवर बसले. छातीवर धोंडा होता हे तो उतरल्यावर कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला, आणि तो घेताना असा काही आवाज झाला, की थोरली धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं.

धाकटी फळीशी आली. एक गाठ उचलली. नखाने ओढली, मग दातांनी, मग दोन्ही हातांनी जीव खाऊन. सुटेना. तिच्याच हाताची, तिलाच सुटेना. आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी हसतेय. मीही हसत होते. थोरलीला काही कळलं नव्हतं, पण तीही हसायला लागली. एकटा मास्तर तेवढा खाली मान घालून ठिबकत होता.

मग धाकटीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली. आता तो माझ्या लेकीच्या तावडीत सापडला होता, म्हणून मी मधे पडले नाही.

"का?"

"पहिल्या शेपटीनंतर यायला कारणच उरलं नव्हतं," तो म्हणाला. "तुमची शेपटी सुटेचना. सगळ्या सशांना ओढायला लावली. दोघे दोघे लोंबकळले. शेवटी मी स्वतः बसलो रात्रभर. नाही सुटली. मग… कात्री घेतली."

"आणि मी इथे किटल्या उचलून बघत होते! माझी बोटं गेली म्हणून झोपत नव्हते मी! एक दिवस 'सहज आलोय' म्हणून येता आलं नसतं?"

"तुमच्या आईंसमोर?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी लोकरीच्या टोपलीकडे बघितलं.

"बरं, कापल्या तर कापल्या," तिचा आवाज जरा खाली आला. "ठेवल्यात कशाला?"

 बाहेर पागोळ्या गळत होत्या, आत याची बाही.

"टाकवेनात," म्हणाला.

मी उठले, मेणाच्या दोऱ्याचं रीळ थोरलीकडून घेतलं आणि धाकटीच्या हातात दिलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात. तिने ते घेतलं, माझ्या हातावर क्षणभर हात ठेवला, आणि पुन्हा त्याच्याकडे वळली. आवाज आता माझाच होता, हुबेहूब.

"चला आत. जितक्या कापल्यात तितक्या करून द्यायच्या. परवा तुमचं नाटुकलं आहे ना? बसा."

थोरलीने त्याला कोरडा टॉवेल दिला आणि तो बसला. खुंट्यांवर लोकर गुंडाळताना जीभ दातांत धरून बसला होता, बालवाडीतल्या पोरासारखा. पहिला गोंडा आंघोळ घातलेल्या मांजरासारखा झाला. दुसऱ्याला गोल करायला म्हणून इकडून छाटला, मग तिकडून जरा जास्त, मग पुन्हा इकडून…

"थांबा ना आता! कापायची सवयच लागलीये हाताला," धाकटी ओरडली.

"गोल होत नाहीये."

"शेपटी होती, सुपारी केलीत तिची."

किटली उकळायला लागली होती. ती वाफेवर गोंडे धरत होती, एकेक फुलवून त्याच्यापुढे ठेवत होती. तो उचलून घ्यायचा. मधूनच दोघांचे हात वाफेत दिसेनासे व्हायचे आणि बाहेर यायला जरा वेळ लावायचे. मी गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा चुकीचा मफलर दाखवला.

"परवानंतर शेपट्या संपतील," थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

"हो…"

"मग काय कापाल?"

"काही नाही. मग सरळ विचारीन."

"काय विचाराल?"

आत कात्री खाली ठेवल्याचा आवाज झाला. "हेच की… मला तुमच्याजवळ बसायला आवडतं. कारण नसलं तरी. कायमचं बसलो, तर चालेल का?"

किटलीचं झाकण तेवढं खडखडत होतं. मी सुटे पैसे हातात घेऊन तशीच उभी. समोरचं गिऱ्हाईक बाईमाणूस होतं, तीही घ्यायचं विसरली.

"कायमचं?" धाकटी म्हणाली. "आधी तो गोंडा बघा तुमचा. नीट जमायला बरीच वर्षं लागतील."

"म्हणजे… नाही?"

"म्हणजे बरीच वर्षं लागतील, असं म्हणतेय." मग जरा थांबून, अगदी हळू, "मला चालेल."

खरं सांगते, वीस गोंडे एकदम वाफेवर धरावेत, तसं काहीतरी माझ्या आत फुललं. पण तोंडावर मी काही येऊ दिलं नाही.

जरा वेळाने पडदा सरला आणि मास्तर बाहेर आला. केसांत लोकर, शर्टाला लोकर, भुवईलासुद्धा एक पांढरा तंतू. मागे धाकटी, तिच्या मागे थोरली, डोळे पुसत. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सगळी बालवाडी एका हाकेत गप्प करणारा माणूस, आणि माझ्यापुढे त्याला शब्द फुटेना. खाली फळीवर त्या गाठी तशाच पडल्या होत्या. मी त्या एकेक करून डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"मास्तर," मी म्हटलं, "तुम्ही चोर आहात, त्यात शंका नाही. पण अगदीच कच्चे. मुद्देमाल जपून ठेवणारा आणि पावसात पळत येऊन स्वतःच हजर करणारा चोर मी जन्मात पाहिला नाही. असला माणूस बाहेर मोकळा सोडला तर कुणीही उल्लू बनवेल. त्यापेक्षा आमच्याच घरात राहिलेला बरा."